वजूच्या पाण्याचा हिशेब

मशिदीमागे, जिथे आधी शेळ्या बांधायचो,
तिथे आता चार टाक्या आहेत.
खडी, वाळू, कोळसा,
आणि शेवटच्या टाकीत बोरूचं बन.
मी मिथ्काल. या चार टाक्यांचा कारकून.

आमच्याकडे मंगळवारी नळ येतो, आठवड्यातून एकदाच.
गच्चीवरच्या टाक्या भरतात, मग सहा दिवस
एका तांब्यात तीन भांडी विसळायची.
पण मशिदीत पाच वेळा पाणी वाहतंच:
हात, तोंड, नाक, कोपर, घोटे.
शुक्रवारी दुपारी तर पन्हाळीला पूर.
दोनशे माणसांची धूळ घेऊन निघालेलं ते पाणी
कोणाच्याच मालकीचं नव्हतं. गटारात जायचं,
गटारातून वादीत, पुढे कुठे
ते अल्लाला ठाऊक.

मग न्दिलिमेके आली, विंडहुकहून.
उंच, कमरेला पान्ह्यांचा पट्टा,
बरोबर लाकडी पेटीत एक पंप,
डॅनिश वर्तमानपत्रांत गुंडाळलेला.
तिला अरबी येईना, मला तिची भाषा येईना,
पंपाला दोन्ही येत नव्हत्या.
इंग्रजीच्या फाटक्या गोणीतून
आम्ही एकेक शब्द काढून ठेवत गेलो:
व्हॉल्व्ह. गाळ. थांब. अजून. थांब.

कुठेतरी पाणी मुरतंय, गाव म्हणालं.
आणि मुरतच होतं, तिसऱ्या टाकीच्या सांध्यातून.
दोन दिवस ती पोटावर पडून सिमेंट भरत होती.

शेख नुफल येऊन वाकून पाहून गेले.
"एकदा वापरलेलं पाणी पाक आहे,
पण पुन्हा वजूला चालायचं नाही."
मी भाषांतर केलं.
ती म्हणाली, "ऑलिव्हची झाडं वजू करतात का?"
याचं भाषांतर मी केलं नाही.
तरी शेख दाढीतल्या दाढीत हसले.

एका संध्याकाळी खडीवर बसून तिने सांगितलं,
आमच्याकडच्या नद्या वर्षभर वाळूच्या असतात,
म्हणून शहराचं सांडलेलं पाणी धुऊन, गाळून
आम्ही पुन्हा पितो. आई प्यायली. मी त्यावरच वाढले.
ईऽ, असं मी मनात म्हणालो.
चेहऱ्यावर आलं असणार, कारण तिने
बाटली माझ्यापासून जरा लांब सरकवली,
आणि मला दिवसभर काही सुचेना.

पाणी आता शेवटच्या बांधापर्यंत जातं,
उम्म सक्रच्या अकरा झाडांपर्यंत.
पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन घराणी
एकाच व्हॉल्व्हपाशी उभी असतात.
प्रेम वगैरे नाही. घड्याळ आहे.
माझं.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली.
या रमजानात, सहरीच्याही आधी, फोन वाजला.
तिकडच्या एका शाळेत असाच पंप, त्याच कारखान्याचा,
धापा टाकतोय, पाणी ओढत नाही.
"ऐक," म्हणाली, आणि फोन त्याच्या पाठीवर ठेवला.
मी अनवाणीच खाली उतरलो,
माझा पंप सुरू केला,
एक कान फोनला, एक कान लोखंडाला.
तो घुमतो तसा तिचा घुमत नव्हता.
मधेच अडखळायचा,
म्हातारं माणूस जिना चढताना अडखळतं तसा.

"हवा अडकलीय. वरचा स्क्रू. डावीकडे. अर्धा आटा."
थांब, मी म्हणालो. अजून. थांब.
तिकडे फुस्स झालं,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग एक ओला, जाड आवाज,
आणि मागे कोणी तरी बाई
मला न कळणाऱ्या भाषेत ओरडली.

फोन कट झाला. आभार मानायला
तिच्याकडे बॅलन्स नसावा.

मी पायरीवर बसून राहिलो. पायाला गार लागत होतं.
थोड्या वेळाने बांग झाली,
पहिला नळ उघडला, कोणी तरी खाकरलं,
आणि पन्हाळीतून पाणी खाली येऊ लागलं.
वहीत वेळ लिहिली.
शेजारच्या रकान्यात तिच्या शाळेचं नाव लिहायला घेतलं,
पण ते विचारायचंच राहिलं होतं.